बंद हूड

धाकट्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं, तेव्हा थोरल्या बहिणीने डॉक्टरांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली.

"आठवड्यातून तीनदा म्हणजे तीनदाच? एखादा वार चुकला तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चुकवायचा नाही," एवढंच ते म्हणाले.

थोरली गावात मोटार शिकवायची. बावीस वर्षं. गावातली निम्मी माणसं तिची बोलणी खाऊनच रिव्हर्स घ्यायला शिकली होती, त्यामुळे तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. धाकटा डोंगरावरच्या हवामान केंद्रात निरीक्षक होता. दर तीन तासांनी तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस मोजायचा, रजिस्टरात लिहायचा आणि फोनवरून खाली कळवायचा. केंद्रात तो आणि एक म्हातारा स्वयंपाकी, बाकी नुसतं आभाळ. खालून वर जायला शेवटचे अठरा किलोमीटर रस्ता असा नव्हताच. आधी दगडगोट्यांनी भरलेला ओढा, मग चिखलाची चढण आणि मग कडा. कड्यावर एका अंगाला भिंतीसारखा खडक, दुसऱ्या अंगाला खोल दरी आणि मधे जेमतेम एका गाडीपुरती वाट. रुग्णवाहिका एकदा ओढ्यापर्यंत आली होती. ड्रायव्हरने खाली उतरून वर बघितलं, हात जोडले आणि गाडी वळवून निघून गेला. वर पोचायची ती फक्त केंद्राची जीप. उघडीबोडकी. ना छत, ना दारं. डोक्यावर तीन वाकवलेले लोखंडी पाइप, तेवढाच आडोसा.

"गावात राहायला ये," थोरली म्हणाली. "माझ्या शाळेमागे खोली आहे. दवाखाना सहा मिनिटांवर."

"आणि नोंदी?"

"दुसरं कोणी करेल."

"ताई, वर मी माणूस असतो," धाकटा म्हणाला. "खाली आलो की नुसता पेशंट."

आईवडील गेल्यापासून तिने त्याचं सगळं ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, शाळा कोणती, कॉलेज कोणतं, सगळं तिनेच ठरवलं होतं. हे एक तिने ऐकलं. मोटार शाळेच्या दाराला कुलूप लावलं, दोन बॅगा भरल्या आणि वर राहायला गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे उठून त्याला जीपमध्ये बसवायचं, खाली न्यायचं, चार तास डायलिसिसच्या मशीनला लावायचं आणि परत आणायचं.

पहिले दोन महिने निभावले. मग ऊन चढलं.

दिवसभरात सगळं मिळून एक लिटर, त्यापेक्षा थेंबभरही जास्त पाणी नको, अशी दवाखान्यातल्या सिस्टरची सक्त ताकीद होती. किडन्या बंद, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठतं आणि शेवटी फुप्फुसात उतरतं. पण दुपारी परत येताना डोक्यावर ऊन, खालून तापलेला पत्रा, तोंडावर धूळ. धाकटा बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायचा. तो विरघळला की ओला रुमाल चोखायचा. थोरली बघून न बघितल्यासारखं करायची.

केंद्राच्या मागे रोपांसाठी आणलेली हिरवी जाळी होती, ती तिने पाइपांना सुतळीने बांधली. चढणीवर पोचेपर्यंत जाळी फाटून झेंड्यासारखी फडफडायला लागली. मग चादर बांधली, ती ओढ्यातच उडाली.

एका शुक्रवारी परतताना कड्याच्या अलीकडे इंजिन तापलं. ती बॉनेट उघडून उभी राहिली आणि रेडिएटरमध्ये घालायला मागचा पाण्याचा कॅन घेतला, तर तो हलका लागला. पाच लिटरच्या कॅनमध्ये अर्ध्याहून कमी पाणी. तिने वळून धाकट्याकडे पाहिलं. त्याची हनुवटी ओली होती.

"मी थांबलो नाही गं," तो म्हणाला. "मला थांबताच आलं नाही."

रविवारी सकाळी त्याला आडवं होता येईना. बसून बसून श्वास घेत होता, खोकल्यातून गुलाबी फेस येत होता. वाटभर एका हाताने त्याच्या पाठीला आधार देत, एका हाताने गाडी चालवत तिने त्याला खाली नेलं. आयुष्यभर जे करू नका म्हणून तिने हजार जणांना बजावलं, ते सगळं तिने त्या दिवशी केलं. दवाखान्यात मशीन सुरू झाल्यावर सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "मास्तरीणबाई, आणखी अर्धा तास उशीर केला असता तर मी तुम्हाला चहा विचारला नसता, वाईट बातमी ऐकायला खुर्ची दिली असती." थोरली दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

सोमवारी तो मशीनवरून उतरल्यावर ती त्याला घेऊन थेट हूडवाल्या काकांकडे गेली.

काकांचं दुकान म्हणजे एक लांबट शेड. भिंतीला कापडांचे गुंडाळे, मधे जुनं मोठं शिलाई मशीन, जमिनीवर बकलं, बटणं, चेनी, पट्टे. पन्नास वर्षं ते जीपांची छतं शिवत होते. शिवून शिवून पाठ इतकी वाकली होती की उभे राहिले तरी बसल्यासारखेच दिसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ताडपत्रीचा, रेक्झिनचा आणि काळ्या जाळीदार कापडाचा असे तीन तुकडे काढले.

"उन्हासाठी कोणतं, ते तुम्हीच ठरवा," ते म्हणाले.

"ठरवायचं कशाला? मोजू," धाकटा म्हणाला. चार तास रक्त गाळून घेतल्यावर त्याच्यात बोलायचंही त्राण नसायचं, पण खिशातून त्याने थर्मामीटर काढला. तो स्टूल घेऊन अंगणात उन्हात बसला. थोरलीने आणि काकांनी एकेक तुकडा त्याच्या डोक्यावर चार काठ्यांवर ताणून धरायचा आणि त्याने दहा मिनिटांनी आकडा सांगायचा.

"रेक्झिन. चव्वेचाळीस. हे माझ्या शत्रूला द्या."

"ताडपत्री. एक्केचाळीस."

जाळी धरली तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. वाऱ्याची झुळूक जाळीतून आत आली होती. त्याने डोळे मिटले होते.

"अरे, आकडा?"

"अडतीस," तो म्हणाला. "पण अजून पाच मिनिटं धरा. मोजमापासाठी नाही."

काका हसले. थोरलीचे हात भरून आले होते, तरी तिने धरून ठेवलं.

जाळीचं छत चार दिवसांत शिवून मिळालं. काकांनी ते पाइपांवर असं ताणलं की टिचकी मारली तर डफासारखं वाजावं. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत धाकट्याचं वजन दोन फेऱ्यांमध्ये कधी दोन किलोहून जास्त वाढलं नाही. सिस्टर त्याला वेधशाळा म्हणायला लागली आणि वजनकाट्यावर उभा राहिला की विचारायची, "काय वेधशाळा, आज पाणी किती?" तो रुबाबात आकडा सांगायचा. थोरलीला वाटलं, जमलं. आता आपल्याला जमलं.

पण पावसाळा तीन आठवड्यांवर आला होता आणि धाकट्याच्या मानेत नळी होती. हाताच्या शिरेचं ऑपरेशन झालं होतं, पण ती शीर सुयांजोगी व्हायला अजून वेळ होता. तोवर मशीनला जोडायची वाट म्हणजे मानेतली ती दोन तोंडांची नळी, वर पांढरी पट्टी. सिस्टरने थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं, "पट्टीवर पाण्याचा थेंब पडता कामा नये. ओली झाली की जंतू आत, आणि आत गेले की सरळ हृदयात."

थोरली ते घोकतच काकांकडे गेली. थेंब पडता कामा नये. थेंब पडता कामा नये.

"मला सगळीकडून बंद पाहिजे," ती म्हणाली. "वरून, मागून, दोन्ही बाजूंनी. चेन लावली की आत वाराही शिरता कामा नये."

काकांनी मान खाजवली. "बाई, त्या वाटेला मी असलं शिवणार नाही. छत करू, पेशंटच्या बाजूचं दार करू, मागची बाजू मोकळी ठेवू. पाऊस थोडा आत येईल, पण वाऱ्याला बाहेर पडायला वाट राहील. बंद हूड म्हणजे कड्यावर शीड."

"थोडा पाऊस आत आला तर तो मरेल."

"त्याच्या गळ्याभोवती वेगळं रेनकोटचं कापड गुंडाळा. गाडी झाकू नका, माणूस झाका."

धाकटाही म्हणाला, "काका बरोबर बोलतायत, ताई. तिथला वारा मी मोजतो."

"तू गप्प बस," ती म्हणाली. "तू कॅनमधलं पाणी पण मोजून प्यायला होतास."

धाकटा खाली बघत राहिला. शब्द तोंडातून गेल्यावर तिला तो परत घ्यायचा होता, पण घेतला नाही. कोपऱ्यात दुसऱ्या कुणाच्या जीपला तसंच बंद हूड चढवलेलं होतं, ती त्यात जाऊन बसली आणि काकांना म्हणाली, "पाइपने पाणी मारा." काकांनी नळाचा पाइप लावून पाच मिनिटं चहूबाजूंनी मारा केला. आत पावसाचा नुसता आवाज. तिने तळहात सगळ्या शिवणींवरून फिरवला. कोरडा. तिला इतकं सुरक्षित कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"हेच," ती बाहेर येऊन म्हणाली.

काकांनी माप घेतलं. वाद घातला नाही.

पाऊस सुरू झाला आणि पहिले काही दिवस हूडने तिची बाजू राखली. पट्टी कोरडी राहत होती. आत दमट व्हायचं, प्लॅस्टिकच्या खिडक्यांवर वाफ धरायची, धाकटा म्हणायचा, "मला डब्यात घालून नेतेस." पण हसून म्हणायचा.

मग तो सोमवार आला. शनिवार-रविवार सलग पाऊस. शुक्रवारनंतर अडीच दिवस मधे गेलेले, धाकट्याचं अंग सुजलेलं, सकाळी घोटे दाबले तर खळगा तसाच राहत होता. तो उशांना टेकून बसल्या बसल्या दम खात होता. तरी सहाची नोंद त्यानेच घेतली. आत येऊन भिंतीला धरून म्हणाला, "ताशी पासष्ट किलोमीटरचे झोत येतायत. कड्यावर आणखी जास्त असणार. दुपारपर्यंत थांबलो तर कमी होईल."

"दुपारपर्यंत तू थांबशील का?"

तो भिंत सोडून पलंगावर बसला. ते तिला पुरलं. स्वयंपाक्याने त्याला उचलून जीपमध्ये बसवलं, तिने एकेक बकल लावलं, एकेक चेन ओढली आणि निघाली.

पहिल्या दोन किलोमीटरमध्येच काचेवर आतून वाफ धरली. ती बाहीने पुसत होती. धाकट्याने शर्टाची बटणं काढली. "ताई, हवा." तिने त्याच्या बाजूची चेन वीतभर उघडली, तर पावसाचा फटकारा थेट आत आला. बंद केली. "ताई, हवा नाही गं इथे." पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. त्याचे ओठ निळसर दिसायला लागले. थेंब पडता कामा नये, हे तिच्या डोक्यात घणासारखं वाजत होतं.

कड्यावर वळण घेतलं आणि वारा आला. आधी हूड आत दबलं, मग एकदम फुगलं. सगळे पट्टे करकरले. गाडी तिने सरळ धरली होती, तरी मागची चाकं चिखलावरून हातभर सरकली. दरीकडे. तिने ब्रेक मारला नाही, हळूच चाक फिरवून खडकाच्या बाजूला घेतलं आणि थांबली. पुढच्या झोताला थांबलेली गाडीही सरकली.

"ताई," धाकटा म्हणाला. दोन अक्षरं बोलायला त्याला तीन श्वास लागले. "काप."

ती खाली उतरली. वाऱ्याने तिला गाडीवरच आपटलं. बकलं ओली होऊन घट्ट बसलेली, चेनीत चिखल अडकलेला. नखं तुटली, बकल सुटेना. सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत दोर कापायची सुरी होती. तिने आधी दरीकडचा पडदा उभा चिरला. वारा आरपार गेला आणि गाडी दबकन स्थिर झाली. मग मागचा. मग छताचे पट्टे. शेवटचा पट्टा कापला तसं सगळं हूड एखाद्या मोठ्या काळ्या पक्ष्यासारखं वर उठलं आणि दरीत गेलं.

धाकटा पावसात उघडा बसला होता. डोकं मागे टाकून, तोंड उघडं ठेवून हवा पीत होता. पहिल्यांदा त्याची छाती नीट वर झालेली तिला दिसली. त्याच्या मानेवरची पट्टी भिजून पारदर्शक झाली होती.

हातात राहिलेला पडद्याचा तुकडा तिने त्याच्या गळ्याभोवती दोनदा गुंडाळला, वर आपला रेनकोट काढून घातला आणि गाडी सुरू केली. पुढचा सगळा रस्ता ती ओरडत होती. काय ओरडत होती, तिला आठवत नाही. धाकट्याने नंतर सांगितलं, "तू मला गिअर शिकवत होतीस. दुसरा टाक, क्लच हळू सोड, आरशात बघ."

दवाखान्यात पोचले तेव्हा त्याचं वजन पाच किलो वाढलेलं भरलं. सिस्टरने ओली पट्टी बघितली आणि ओठ आवळून ती बदलायला घेतली. मशीन सुरू झालं.

बुधवारी ताप आला. हुडहुडी अशी की पलंग वाजत होता. डॉक्टरांनी मानेतली नळी काढली, दुसऱ्या बाजूने नवी घातली, सलाइनमधून औषधं सुरू केली. अकरा दिवस. त्यातले चार दिवस धाकटा तिला ओळखत नव्हता. छताकडे बघून आकडे बोलायचा, ऐंशी टक्के, नऊशे बारा, वायव्य. ती पलंगाशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसून ते आकडे हाताला लागेल त्या कागदावर लिहून घ्यायची. का, ते तिला सांगता आलं नसतं. कुणीतरी लिहून घ्यायला हवं, एवढंच.

पाचव्या दिवशी त्याने डोळे उघडून विचारलं, "केंद्रात कोण आहे?"

"स्वयंपाकी लिहितोय. फोनवर मी विचारते."

"पर्जन्यमापक सपाटीवर ठेवायचा म्हणावं."

"सांगते." मग तिचा बांध फुटला. "चूक माझी होती. काकांनी सांगितलं होतं, तू सांगितलं होतंस. मीच बंद पाहिजे म्हणाले. मीच तुला डब्यात घातलं."

"हो, चूक तुझीच," तो म्हणाला. "मी वर राहायचा हट्ट धरला, ती माझी. मग आता काय, कुणाची मोठी ते मोजत बसायचं?"

ती हसली नाही. तोही हसला नाही. त्याने हात पुढे केला, तिने तो धरला, आणि तेवढ्यात सिस्टर औषध घेऊन आली.

सुटी मिळाली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले की, पावसाळाभर वर जायचं नाव काढायचं नाही. थोरलीला वाटलं, हा आता भांडेल. तो भांडला नाही. मान डोलावून त्याने कागदावर सही केली. ते बघून तिला जास्त भीती वाटली. शाळेमागच्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. खिडकी उघडली तरी बाहेर बघायचा नाही. जेवायचा, औषध घ्यायचा, सोमवार-बुधवार-शुक्रवार गाडीत बसायचा, सहा मिनिटांनी उतरायचा. पेशंट झाला होता, जसं त्याने सांगितलं होतं तसाच.

महिन्याभराने ती एकटीच हूडवाल्या काकांकडे गेली. कड्यावर काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. काका मशीनवरचा पाय काढून ऐकत होते.

"तुम्ही सांगितलं होतं," ती म्हणाली.

"सांगितलं, आणि तरी शिवून दिलं," काका म्हणाले. "पन्नास वर्षांत गिऱ्हाइकाला नाही म्हणायला शिकलो नाही. तो दोष माझ्याकडे." त्यांनी चष्मा पुसला. "तो कसा आहे?"

"श्वास घेतोय."

काका उठले. कापडाचा एक गुंडाळा ओढून काढला. "छत आणि एक दार. मागची बाजू मोकळी. गळ्यासाठी वेगळं कापड, मऊ अस्तर लावून. शिवू का?"

"त्याला वर जायला नको म्हटलंय."

"मी जा म्हणत नाही. शिवू का, विचारतोय."

थोरली कापडाकडे बघत उभी राहिली. शिवलं तर त्याला आशा लागेल आणि आशा लागून पुन्हा कडा नशिबी येईल. नाही शिवलं तर तो भिंतीकडे तोंड करून पडलेला आहेच. एकदा तिने ठामपणे ठरवलं होतं, आणि ते ठरवणं दरीत गेलं होतं. आता तिला ठरवायचीच भीती वाटत होती.

"मी एकटी नाही ठरवणार," ती शेवटी म्हणाली. "त्याला घेऊन येते. त्याला विचारा."

घरी येऊन तिने त्याला सांगितलं. तो भिंतीकडेच तोंड करून होता.

"अस्तर कसलं लावतायत?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही."

"सुती नको म्हणावं. ओलं झालं की वाळत नाही." तो कूस बदलून तिच्याकडे वळला. त्याचा चेहरा सुजलेला होता, डोळे लाल होते. "उद्या शुक्रवार. मशीननंतर मला चालवणार नाही. शनिवारी सकाळी नेशील?"

"नेते," ती म्हणाली, आणि पलंगाखालच्या त्याच्या चपला शोधून तिने त्या दाराजवळ नेऊन ठेवल्या.